सेल्फ पब्लिशिंग: पुण्यात पुस्तक काढायचंय, खर्च किती आणि लेखकाच्या हातात नक्की किती पडतात?

गोठ्यातला_डॉक्टर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक. सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात झाली, त्यातली बरीचशी जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यात, आता रिटायर होऊन कर्वेनगरला असतो. त्या काळातले अनुभव लिहून काढलेत, म्हणजे अडलेल्या गायी, रात्री-अपरात्री आलेली बोलावणी, बिबट्याने धरलेली वासरं, शेतकऱ्यांचे आणि जनावरांचे संबंध, असं सगळं. डेमी साइजमध्ये (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) १७६ पानं होतात आणि आत वीस-एक फोटो आहेत. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित दिलं होतं, एकांनी सांगितलं पुढची दोन वर्षं हातात पुस्तकं आहेत, दुसऱ्यांकडून काही उत्तरच नाही. म्हणून आता स्वतःच काढायचं ठरवलंय.

तीन ठिकाणची कोटेशन्स आणलीत, नावं मुद्दाम लिहीत नाही कारण मला कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाहीये, फक्त आकडे समजून घ्यायचेत.

पहिली कंपनी पुण्याबाहेरची, प्रिंट ऑन डिमांडवाली, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणारी. सुरुवातीला एक रुपया नाही, पण फाईल आणि मुखपृष्ठ तयार करून आपण द्यायचं. किंमत २५० ठेवली तर प्रिंट कॉस्ट ११० रुपये, अमेझॉन-फ्लिपकार्टवर विकलं गेलं की किमतीच्या ४५ टक्के चॅनलचे (म्हणजे विक्रीच्या ठिकाणाचे), त्यांच्या स्वतःच्या साइटवर विकलं गेलं तर १५ टक्के, आणि उरलेल्यातले ७० टक्के लेखकाला.

दुसरी पॅकेजवाली. ४५,००० अधिक जीएसटी. यात डीटीपी (टायपिंग आणि पानांची मांडणी), एक राउंड मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), लेखकाला ३० प्रती, 'मार्केटिंग सपोर्ट' आणि वर १०० टक्के रॉयल्टी. प्रिंट कॉस्ट आणि चॅनलचे टक्के जवळपास पहिल्यासारखेच. हे लोक रोज फोन करतात, महिनाअखेरपर्यंत भरलं तर डिस्काउंट देतो म्हणतात.

तिसरा नारायण पेठेतला प्रेसवाला. ३०० प्रती २८,५००, ५०० प्रती ३६,०००, आतलं काम काळ्या-पांढऱ्यात, मुखपृष्ठ रंगीत, मॅट लॅमिनेशन. डीटीपी पानाला ४०, मुद्रितशोधन पानाला २५, मुखपृष्ठाचे चित्रकार ५,००० घेणार, हे सगळं वेगळं.

माझा प्रश्न सरळ आहे. यात लेखकाच्या हातात शेवटी सगळ्यात जास्त कुठे राहतात? १०० टक्के ऐकलं की मन तिकडे ओढ घेतं, पण मुलगी म्हणते बाबा सही करू नका, आधी कोणाला तरी विचारा. किंडलबद्दल, म्हणजे अमेझॉनच्या ई-बुकबद्दलही सांगा. पेन्शन आहे, त्यामुळे यावर घर चालवायचं नाहीये, पण खिशातले पैसे गेले आणि पुस्तकही कोणी वाचलं नाही असं व्हायला नको.

---

फर्मा_आणि_शाई

डॉक्टर, मुलगी बरोबर सांगतेय. मी प्रेस लाइनमध्येच आहे आणि टक्क्यांवर भाळलेले लेखक इथे कायम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

सगळ्यात आधी एकच विचारायचं, टक्के कशाचे? पारंपरिक प्रकाशक १० टक्के देतो ते बहुतेक वेळा छापील किमतीवर असतात, म्हणजे २५० च्या पुस्तकाला सरळ २५ रुपये, मग कागद महाग होवो नाहीतर वितरक जास्त कमिशन मागो. तुमच्या पहिल्या दोन्ही कंपन्यांचे टक्के सगळ्या वजावटी झाल्यावर जे उरेल त्यावर आहेत. अमेझॉनवर एक प्रत गेली तर २५० मधून ११० प्रिंट कॉस्ट आणि ११२.५० चॅनलचे गेले, राहिले साडेसत्तावीस. त्याचे ७० टक्के म्हणजे १९ रुपये २५ पैसे. आणि ते १०० टक्केवाले? साडेसत्तावीस. म्हणजे दहा टक्के देणारा प्रकाशक आणि शंभर टक्के देणारी कंपनी यांच्यात फरक किती, तर अडीच रुपये, आणि त्यासाठी आधी तुम्ही ४५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५३,१०० भरायचे. अमेझॉनवरून ते वसूल व्हायला १,९३१ प्रती जाव्या लागतील. मराठीत साधारण पुस्तकाची पहिली आवृत्ती किती प्रतींची निघते ते कोणत्याही प्रकाशकाला विचारा, मग तुमचं तुम्हाला कळेल.

या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून विकलं गेलं तर चित्र एकदम वेगळं दिसतं. २५० मधून ११० आणि साडेसदतीस गेले की १०२.५० उरतात, त्यातले पहिल्या कंपनीकडून ७१.७५ मिळतील, दुसरीकडून पूर्ण १०२.५०. कागदावर छान आहे, पण तुमचा वाचक त्या साइटवर जाऊन अकाउंट काढून पुस्तक मागवेल का? लोक अमेझॉन उघडतात कारण ते मोबाईलमध्ये आधीच असतं. म्हणून कोणी 'एका प्रतीमागे शंभर रुपये' असं सांगितलं की लगेच विचारायचं, कुठल्या चॅनलला?

आता पॅकेजमध्ये काय मिळतंय ते बघू. तुमच्याच आकड्यांनी डीटीपी १७६ गुणिले ४० म्हणजे ७,०४०, मुद्रितशोधन ४,४००, मुखपृष्ठ ५,०००, टोटल १६,४४०. त्यांच्या ३० प्रती प्रिंट कॉस्टने ३,३००. म्हणजे हातात येण्यासारखं काम आणि माल १९,७४० चा. आयएसबीएन तर आपल्याकडे फुकट मिळतो, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावाने घेऊ शकतो. मग वरचे ३३,३६० कशाचे? त्या 'मार्केटिंग सपोर्ट'चे. तो सपोर्ट म्हणजे नक्की काय हे लेखी मागा. किती पोस्ट, कुठल्या पेजवर, त्या पेजला मराठी वाचक किती, कुठल्या दुकानात प्रती ठेवणार, दुकानाचं नाव काय. बहुतेक ठिकाणी दोन-चार सोशल मीडिया पोस्ट, एक इंग्रजी प्रेस रिलीज आणि एक सर्टिफिकेट एवढंच निघतं, आणि तुमच्या पुस्तकाचा वाचक यातलं काहीच बघत नाही.

आता आमच्या लाइनचं. १७६ पानं म्हणजे बरोबर ११ फर्मे, सोळा पानांचा एक फर्मा, त्यामुळे कागद वाया जात नाही, पानं वाढवू नका. १८० केलीत तर चार पानांसाठी वेगळा तुकडा फर्मा येतो आणि बिल वाढतं. ३०० ला प्रत ९५ पडते, ५०० ला ७२, कारण प्लेट आणि मशीन लावायचा खर्च दोन्हीकडे तेवढाच. वरच्या २०० प्रती फक्त ७,५०० ला पडतात म्हणून सगळे ५०० च्या मोहात पडतात. ज्याच्याकडे ३०० वाचकांची खात्री नाही त्याने तो मोह टाळलेलाच बरा, त्या २०० प्रती माळ्यावर जातात आणि पावसाळ्यात त्यांना दमट वास लागतो, मग त्या फुकटही देता येत नाहीत.

३०० प्रतींचा एकूण खर्च २८,५०० अधिक १६,४४० म्हणजे ४४,९४०. स्वतः हाताने २०० रुपयांना विकलीत, म्हणजे वाचकाला वीस टक्के सवलत देऊन, तर २२५ प्रतींना पैसे मोकळे. चाळीस प्रती भेट गेल्या असं धरलं आणि २६० विकल्या गेल्या तर ५२,००० येतात, हातात ७,०६० राहतात. पहिल्या आवृत्तीत याहून मोठी अपेक्षा धरू नका. खरा पैसा दुसऱ्या आवृत्तीत, कारण डीटीपी आणि मुखपृष्ठ झालेलं असतं, प्रत ९५ ला पडते आणि २०० ला विकली तर १०५ सुटतात.

दुकानातून विकणार असाल तर ४० टक्के धरून चाला, म्हणजे तुमच्या हातात १५०. प्रत तुम्हाला पहिल्या आवृत्तीत जवळजवळ १५० लाच पडलीये. म्हणजे दुकानातून नफा शून्य.

---

शब्दसखी_कोथरूड

वरच्या दादांचं गणित बरोबर आहे पण प्रिंट ऑन डिमांडला ते एकाच बाजूने बघतायत, म्हणून लिहितेय. माझी दोन पुस्तकं या पद्धतीने आलीत, एक कथासंग्रह आणि एक पालकांसाठी, त्यामुळे थोडं अनुभवाचं.

पहिली गोष्ट, 'फुकट' कंपनीकडे गेलात तरी ते १६,४४० तुम्हाला करायचेच आहेत. शुद्धलेखन न तपासलेलं पुस्तक काढू नका, मराठी वाचक एकवेळ मुखपृष्ठ माफ करेल पण पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या की पुस्तक मिटतो. मग १९.२५ प्रमाणे अमेझॉनवरून हे पैसे परत यायला ८५४ प्रती लागतात, त्यांच्या साइटवरून २२९. हे खरंय.

पण ऑथर कॉपी हा तिसरा रस्ता आहे, त्याबद्दल वर कोणी बोललंच नाही. लेखक स्वतः प्रती मागवतो तेव्हा चॅनलचे टक्के नसतात, फक्त प्रिंट कॉस्ट आणि कुरियर. तुमच्या केसमध्ये ११०, कुरियर धरून साधारण ११८ म्हणू. पन्नास मागवा, विका, परत पन्नास मागवा. २८,५०० भागिले ११० केलं तर २५९ येतं, म्हणजे एकूण २५९ प्रतींच्या आत लागणार असतील तर ऑथर कॉपी स्वस्त, त्याच्यावर जाणार असाल तर ऑफसेट, म्हणजे प्रेसमधली छपाई स्वस्त, आणि कुरियर धरलं तर ही रेषा अडीचशेच्याही खाली येते. घरात पेट्या नाहीत, पैसे अडकत नाहीत, आणि एखादी चूक सापडली तर पुढच्या लॉटला फाईल बदलता येते. मी माझ्या कथासंग्रहातल्या एका गावाचं नाव असंच दुरुस्त करून घेतलं होतं. फाईल बदलायचे पैसे घेतात का ते मात्र आधी विचारून ठेवा.

तेव्हा डॉक्टर, तुम्हाला कोणी विचारलं नाही ते मी विचारते, तुमचे वाचक किती आणि कुठे? वहीत नावं लिहून काढा. खरंच लिहा. सोबत काम केलेले, गावातले, नातेवाईक, कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप. जो आकडा येईल त्याच्या अर्धे लोक पैसे देऊन घेतील असं धरा. तो आकडा शंभर-दीडशे असेल तर प्रेसकडे जायची घाई नको.

आता या पद्धतीचा त्रास. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्या कंपनीने मधेच प्रिंट कॉस्ट वाढवली, मेल आली की अमुक तारखेपासून नवे दर लागू. किंमत वाढवली नसती तर अमेझॉनवरचा माझा वाटा चहाच्या पैशांएवढा उरला असता, आणि किंमत वाढवली तर १२० पानांचं पुस्तक कोण घेणार त्या भावाला. मी तीनदा लेखी विचारलं की करारात दरवाढीचं कलम कुठेय, उत्तर फक्त 'पॉलिसी अपडेट' एवढंच. म्हणून प्रिंट कॉस्ट किती काळ स्थिर राहणार आणि बदलली तर किती दिवस आधी कळवणार हे विचाराच. पैसे किती जमल्यावर खात्यात टाकतात तेही विचारा, काही ठिकाणी किमान रक्कम होईपर्यंत पडून राहतात.

आणि चेन्नईची नोशन प्रेस, बंगळुरूची पोथी डॉट कॉम वगैरे ज्यांची नावं सगळे घेतात त्यांच्या साइटवर प्रिंट कॉस्टचा कॅल्क्युलेटर असतो, पानं आणि साइज टाकून बघता येतं, फोन नंबर देण्याआधी तिथे बसून आकडे काढा. फोन नंबर दिला की मग रोज फोन येतात ते तुम्ही बघताच आहात.

---

पानोपानी

किंडलचं मी सांगतो. अमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक टाकायच्या त्यांच्या साइटवर मराठी ई-बुक टाकता येतं, टाकायला पैसे लागत नाहीत. पेपरबॅक मात्र तिथून काढायच्या भानगडीत पडू नका, केडीपीचं छापील पुस्तक भारतात छापून इथल्या अमेझॉनवर विकायची सोय नाही. छापील वेगळं, ई-बुक वेगळं, असं डोक्यात ठेवा.

ई-बुकला दोन पर्याय, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, म्हणजे ९० दिवसांच्या मुदतीत ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवरही नाही आणि स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही, ते कुठेही विका.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ते वीस फोटो. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाईलच्या वजनाप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे कापतात, अमेझॉन डॉट इनवर एका एमबीला ७ रुपये. समजा ई-बुक १२० ला ठेवलं आणि फोटोंमुळे फाईल ९ एमबीची झाली तर ६३ रुपये तिथेच गेले, उरलेल्या ५७ चे ७० टक्के म्हणजे जेमतेम ४० रुपये. ३५ टक्क्यांच्या पर्यायात डिलिव्हरी कापत नाहीत, १२० चे ३५ टक्के म्हणजे ४२. म्हणजे बंधन घालून घेऊनही ७० वाल्यात दोन रुपये कमीच! (जीएसटी बाजूला ठेवून सांगतोय, तो वेगळा.) तेच फोटो लहान करून फाईल १ एमबीवर आणली तर ७९ रुपये पडतात. तेव्हा फोटो आधी बारीक करून घ्या, मोबाईलवर वाचणाऱ्याला मोठा फोटो लागत नाही.

दुसरी अडचण फॉन्टची. तुमचं टायपिंग श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झालंय का? पुण्यातल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून त्यातच काम चालतं. छपाईला चालतं, पण किंडलला युनिकोडच लागतं, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर तसंच दिसणारं टायपिंग. कन्व्हर्टर मिळतात पण कन्व्हर्ट झाल्यावर पुन्हा अक्षरन् अक्षर वाचावं लागतं. एका डॉक्टर मित्राच्या पुस्तकात 'शस्त्रक्रिया'ची सगळीकडे 'शस्त्रकिया' झाली होती, रफार एक अक्षर पुढे सरकले होते, आणि हे स्क्रीनवर पटकन दिसत नाही. म्हणून डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, काम युनिकोडमध्येच पाहिजे. नंतर सांगितलंत तर मुद्रितशोधनाचे ४,४०० परत एकदा.

पैसे लगेच येत नाहीत हेही लक्षात ठेवा, महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यात जमा होतात.

---

गोठ्यातला_डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शब्दसखी ताईंनी सांगितलं तसं मुलीने आणि मी बसून यादी केली. खात्यातले जुने सहकारी महाराष्ट्रभर पसरलेत, अकोला, नागपूर, परभणी, कोल्हापूर. जुन्नर-आंबेगावातले दूधवाले आणि सोसायट्यांचे लोक बरेच. पुण्यातले मित्र, सोसायटी, नातेवाईक. एकूण ४१० नावं झाली, अर्धी धरली तर दोनशे पाच. म्हणजे मी नेमका त्या २५९ च्या रेषेच्या जवळ येऊन बसलोय!

दोन शंका राहिल्या. बाहेरगावी पुस्तक पाठवायला कुरियर फार पडतं, २०० च्या पुस्तकाला ६०-७० रुपये कोण देणार. आणि अप्पा बळवंत चौकातली दुकानं माझ्यासारख्याचं पुस्तक ठेवतील का?

---

ग्रंथफेरी

कुरियर सोडा, पोस्टात जा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हा छोट्या प्रकाशकांची फार पंचाईत झाली होती, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा सुरू झालीये. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तिथून पुढे ५ किलोला १०० पर्यंत, अधिक कर. १७६ पानांचं डेमी पुस्तक ७० जीएसएमच्या कागदावर काढलंत तर वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरेल, पाकीट धरूनही ३०० च्या आत. म्हणून कागद ठरवताना प्रेसवाल्याला हे सांगा, उगाच जाड कागद घेऊन पुस्तक गलेलठ्ठ करू नका, शेल्फवर भारदस्त दिसतं पण दर पार्सलला भुर्दंड. ज्ञान पोस्ट शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, आत जाहिरातबाजी चालत नाही आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. तेव्हा पाठच्या पानावर एखाद्या औषध कंपनीची जाहिरात घेऊन खर्च भागवायचा विचार असेल तर तो सोडा. जायला वेळ लागतो, जमिनीवरून जातं, पण परभणीच्या तुमच्या मित्राला चार दिवस थांबायला काही हरकत नसावी.

अप्पा बळवंत चौकाबद्दल. तिथे बरीचशी गर्दी शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची असते. ललित पुस्तकं ठेवणारी दुकानं आहेत, बाजीराव रोडलाही आहेत, पाच-दहा प्रती विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवतात, पण पोच पावती घ्या आणि दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन विचारा, न विचारता हिशोब कोणी आणून देत नाही. बुकगंगा पुण्यातलीच आहे, तिथे छापील पुस्तकही लावता येतं आणि परदेशातले मराठी लोक तिथून मागवतात.

पण डॉक्टर, तुमचं पुस्तक दुकानात बसून विकलं जाणारं नाही. मोशीला डिसेंबरमध्ये किसान प्रदर्शन भरतं, तिथे पशुखाद्य आणि दूध काढायच्या मशीनवाल्यांचे स्टॉल असतात, एखाद्या ओळखीच्या स्टॉलवर कोपऱ्यात टेबल मिळालं तरी तुमचा खरा वाचक समोरून चालत येईल. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक व्याख्यान द्या, विद्यार्थ्यांना १५० ला द्या. डिसेंबरातच फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, २०२३ पासून नॅशनल बुक ट्रस्ट भरवतं, पण तिथे एकट्या पुस्तकासाठी स्टॉल घेणं परवडत नाही, चार-पाच लेखक मिळून किंवा कोणा प्रकाशकाच्या स्टॉलवर प्रती ठेवून जमतं.

आणखी एक, पहिलंच पुस्तक आहे ना? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, त्याचे नियम बघून घ्या, पण अर्ज छापण्याआधी करायचा असतो, छापून मोकळे झालात की उपयोग नाही. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, त्या चार प्रती हिशोबात आधीच धरा. ही कटकट वाटते लोकांना, पण पन्नास वर्षांनी कोणाला जुन्नरमधल्या जनावरांच्या साथींबद्दल वाचायचं असेल तर ते पुस्तक तिथे सापडेल.

---

कलम_आणि_कायदा

पैशांबद्दल वर सगळं आलंय, मी करारापुरतं लिहितो, कारण नफा हातचा जातो तो बऱ्याचदा इथूनच.

पॅकेजवाल्या कंपनीचा करार असेल तर त्यात हक्क 'असाइन' केलेत की 'लायसन्स' दिलंय ते बघा. पहिलं असेल तर हक्क त्यांच्याकडे जातो, पैसे तुम्ही भरलेले असूनही; लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी, हक्क तुमच्याकडेच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे असा करार लेखीच लागतो, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण कंपन्या मुदत लिहितातच, आणि ती 'कॉपीराइट संपेपर्यंत' अशीही असू शकते. तुम्हाला हवं ते असं की फक्त छापील पुस्तकाचं विनाएकाधिकार लायसन्स (म्हणजे तेच तुम्ही दुसऱ्यालाही देऊ शकाल असं), मुदत एक-दोन वर्षं, आणि ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडता येईल. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे हक्क करारात नावं घेऊन स्वतःकडे ठेवा. तुमच्या पुस्तकातल्या एखाद्या बिबट्याच्या प्रसंगावर उद्या कोणी वेब सिरीज करायला आलं तर बोलणी तुमच्याशी झाली पाहिजेत.

आयएसबीएन कंपनीचा असेल तर रेकॉर्डला प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागतं, त्यांना सोडून दुसरीकडे गेलात की नवीन नंबर घ्यावा लागतो. स्वतःचा घ्या, फुकट आहे.

आणि तयार फाईल. मुखपृष्ठाची ओपन फाईल (म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती), आतल्या मजकुराची ओपन फाईल आणि अंतिम पीडीएफ, तिन्ही तुम्हाला मिळतील असं लेखी हवं. पीडीएफवर काही दुरुस्ती करता येत नाही आणि मग दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा डीटीपीचे पैसे. मुखपृष्ठाच्या चित्रकाराकडूनही दोन ओळी लिहून घ्या की हे चित्र पुढच्या आवृत्त्या, ई-बुक आणि जाहिरातीसाठी वापरता येईल. फोटोंमध्ये शेतकऱ्यांचे चेहरे असतील तर त्यांनाही विचारून घ्या, गावाकडे हे कोणी मागत नाही पण विचारलेलं चांगलं.

---

गोठ्यातला_डॉक्टर

पॅकेजवाल्यांना आज नाही म्हणून कळवलं. मार्केटिंग सपोर्टचा तपशील लेखी मागितला होता, तर मेलऐवजी पुन्हा फोनच आला, मग मी थांबलो.

आता असं करतोय. आधी नवलेखक योजनेचे नियम बघतो, बसत असेन तर अर्ज. तोपर्यंत डीटीपी युनिकोडमध्ये आणि मुद्रितशोधन उरकून घेतो, कारण ते कुठल्याही रस्त्याने गेलो तरी लागणारच आहे. आयएसबीएन स्वतःच्या नावावर. मग सहकाऱ्यांच्या आणि गावाकडच्या ग्रुपवर आगाऊ नोंदणी लावतो, टपालखर्चासह २२५ रुपये. दीडशेच्या वर नावं पैशांसकट आली तर प्रेसकडे ३०० प्रती, नाही आली तर ऑथर कॉपी पन्नास-पन्नासने. ई-बुक दोन्हीकडे नंतर, फोटो बारीक करून.

फर्मा_आणि_शाई, एक विचारायचं राहिलं. आगाऊ नोंदणीचे पैसे आले की प्रेसला किती अॅडव्हान्स द्यायचा? ते पूर्ण मागतायत.

---

फर्मा_आणि_शाई

पूर्ण अजिबात नको. ५० टक्के ऑर्डरबरोबर, म्हणजे कागद येतो, आणि बाकी डिलिव्हरीला, पेट्या उघडून बघून. प्लेट करायच्या आधी पूर्ण पुस्तकाचा प्रिंटआऊट मागा आणि त्यावर सही करा, सही केलेल्या पानात आधीच असलेली चूक निघाली तर ती तुमची, सहीनंतर नवी शिरली तर प्रेसची. डिलिव्हरीला प्रत्येक पेटीतल्या दोन-तीन प्रती काढून मधोमध उघडून बघा, पान सुटलं की बाइंडिंगचा गोंद कमी पडलाय, तिथेच परत द्या. आणि नोंदणी दीडशेच्या वर गेली तर इथे लिहा, कागदाचा भाव त्या आठवड्यात काय चाललाय तो मी सांगतो, म्हणजे कोटेशन परत तपासता येईल.